बांधावर जाण्याआधी

पुण्यात हिंजवडी-बाणेरच्या संगणक कंपन्यांत ‘सेल्स डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह’ नावाचं एक पद असतं. हा माणूस प्रत्यक्ष काही विकत नाही. गिऱ्हाईक कोण होऊ शकतं ते शोधायचं, त्याला खरंच गरज आहे का ते चाचपायचं, बोलायला राजी करायचं आणि पुढे सौदा करणाऱ्याच्या हवाली करायचं, एवढंच त्याचं काम. नारायणगावच्या किंवा मंचरच्या एखाद्या कृषी सेवा केंद्राबाहेर सकाळी बाईक लावून, पाठीला सॅक अडकवून उभा असलेला बियाण्याच्या किंवा औषधाच्या कंपनीचा पोरगा नेमकं हेच करतो. पावती दुकानदार फाडतो, हा शेतकऱ्याला दुकानापर्यंत आणतो. कंपनीच्या कागदावर तो एफए (फील्ड असिस्टंट) असतो नाहीतर एमडीओ (मार्केट डेव्हलपमेंट ऑफिसर). गावात तो ‘कंपनीचा माणूस’ असतो आणि शेतकऱ्याच्या फोनमध्ये त्याचं आडनाव सहसा नसतं. नावापुढे कंपनीचंच नाव लावून नंबर सेव्ह केलेला असतो.

ही पुस्तिका त्या पोरांसाठी आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बियाणं, खतं, औषधं आणि ठिबकचं साहित्य पुरवणाऱ्या एका संस्थेनं आपल्या फील्डवरच्या लोकांना तंत्रज्ञान शिकवण्यासाठी घरच्या घरी जो अभ्यासक्रम आखला, त्याचं हे छापील रूप. संस्थेचं नाव मुखपृष्ठावर आहे. प्रस्तावनेत ते येऊ नये अशी अट मी घातली आणि त्यांनी ती मान्य केली. दुसरी अट होती, जिथे पटत नाही तिथे तसं लिहीन. तीही त्यांनी मान्य केली, म्हणून पहिला मतभेद लगेच नोंदवून टाकतो. पुस्तिकेचा पहिला भाग मोबाइल ॲपचा आहे: भेटीची नोंद कशी करायची, लोकेशन कसं चालू ठेवायचं, फोटो कसा चढवायचा. पीक, औषध आणि लेबल यांचा भाग चौथा आहे. माझ्या मते चौथा पहिला हवा होता. नव्यानं रुजू झालेल्यानं तो आधी वाचावा आणि मग मागे यावं.

जुन्नरबद्दल काही लिहायचं म्हटलं की नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखापासून आणि तिथल्या दगडी रांजणापासून सुरुवात करायची रीत आहे. ती मी मोडतो. या विषयाला जास्त जवळचा आहे तो खोडदचा परिसर. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीनं आणि बाकीच्या तीन दिशांना इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपायच्या तर जमिनीवरचा विजेचा आणि रेडिओचा गोंगाट कमी हवा, म्हणून आसपासच्या पट्ट्यात नव्या उद्योगांवर बंधनं आहेत. पुणे-नाशिक रेल्वेचा आधी ठरलेला मार्गसुद्धा याच कारणानं बदलायला घेतला गेला. चाकणसारखं कारखान्यांचं जंगल इथे उभं राहिलं नाही, त्याची कारणं अनेक असतील, पण हे त्यातलं एक. मग कृषी पदविका किंवा बी.एस्सी. ॲग्री झालेल्या पोरानं गावात राहून करायचं काय? घरची शेती, नाहीतर दुकान, नाहीतर कंपनीची फील्डवरची नोकरी. या दोन तालुक्यांतली कितीतरी घरं या तिसऱ्या वाटेच्या पगारावर उभी आहेत. तरीही या नोकरीला कुणी व्यवसाय मानत नाही. ‘दुसरं काही मिळेपर्यंत करतोय’ असंच मुलाचे वडील पाहुण्यांना सांगतात.

आर्वीला १९७१ पासून उपग्रह दळणवळण केंद्र आहे, खोडदला दुर्बीण आहे, नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. अशा मुलखातल्या शेतकऱ्यापुढे टॅब उघडून ‘तंत्रज्ञान’ दाखवायला जाणाऱ्यानं थोडं जपून जावं. इथला द्राक्षबागायतदार अनेकदा प्रतिनिधीपेक्षा जास्त शिकलेला असतो, आणि शिकलेला नसला तरी जास्त पाहिलेला असतो. ई-पीक पाहणी २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हापासून शेतात उभं राहून पिकाचा फोटो लोकेशनसकट शासनाकडे पाठवणं त्याच्या अंगवळणी पडलं आहे. अनुदानित खत घेताना दुकानातल्या पॉस मशिनवर अंगठा लावणं २०१८ पासून चालू आहे. त्याला ॲपचं कौतुक नाही. ‘काय साहेब, आज काय खपवायला आलात?’ असं तो हसत विचारतो आणि उत्तर ऐकेपर्यंत पंपाचा कॉक फिरवायला निघून जातो. त्या ‘साहेब’मध्ये किती मान आणि किती चेष्टा आहे हे ओळखता येणं हे प्रशिक्षणाचं पहिलं फळ म्हणायला हरकत नाही.

दोन तालुके एका दमात म्हणायची सवय आहे, पण बाईकवर फिरणाऱ्याला ते तीन मुलूख म्हणून कळतात. पश्चिमेला, माळशेज आणि भीमाशंकरच्या बाजूला, धो धो पाऊस, भातखाचरं, हिरडा गोळा करणारी महादेव कोळी आणि ठाकर वस्ती. तिथे डोंगराआड गेलं की मोबाइलची रेंज जाते आणि औषधाचा खप नगण्य. मधल्या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाचं पाणी. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं झाली आणि इथलं पीकचित्र पार बदललं: द्राक्षं, टोमॅटो, ऊस, भाजीपाला. पूर्वेला आणे पठारासारखा कोरडा भाग, जिथे पाणी हाच एकमेव विषय. आंबेगावात सातगाव पठारावर आणखी वेगळी गोष्ट. खरिपात पावसावर बटाटा, बियाणं पंजाबहून मंचरच्या बाजारात आलेलं, आणि काही ठिकाणी वेफर्स बनवणाऱ्या कंपन्यांशी आधीच केलेला करार. ज्याचा भाव लावणीआधी ठरला आहे त्या शेतकऱ्याशी बोलण्याची पद्धत आणि ज्याचा भाव काढणीच्या दिवशी ठरणार आहे त्याच्याशी बोलण्याची पद्धत एक असू शकत नाही. कंपनीच्या मुख्यालयातून येणारं सादरीकरण मात्र सगळीकडे एकच असतं. या पुस्तिकेनं निदान पीकवार आणि पट्टावार वेगळी पानं केली आहेत, हा तिचा मोठा गुण. पश्चिम पट्ट्याला मात्र एकच पान मिळालं आहे. खप नाही तिथे शिकवण नाही, हा हिशेब मला कळतो, पण पटत नाही.

नवी वस्तू शेतकऱ्याच्या गळी उतरवण्याचा मराठी इतिहास जुना आहे आणि तो शिकवण्यासारखा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. वस्तू चांगली होती, पण लोखंडानं जमिनीत विष उतरतं असा समज होता. नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिल्यावर शंकरराव किर्लोस्करांकडे जाहिरातीचं काम आलं आणि १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेलं ते पत्र पुढे मराठी वाचकांचं मासिक झालं, ही वेगळी कथा. इथे महत्त्वाचं एवढंच, की त्या दोन वर्षांत कमी पडला तो नांगर नव्हता. शेतकऱ्याची शंका खुळचट नव्हती. ज्याचं सगळं वर्ष एका जमिनीवर आहे, त्यानं जमिनीत काय घालायचं याबद्दल साशंक असणं अगदी रास्त आहे. आज एखाद्या म्हाताऱ्या बाबांनी ‘या औषधानं माती मरती’ असं म्हटलं की आमचा नवा प्रतिनिधी गालात हसतो. त्यानं हसू नये. नांगराची ही गोष्ट त्याला पहिल्याच दिवशी सांगावी, आणि बाबा जे म्हणताहेत त्यात तथ्य किती हे तपासायला माती परीक्षणाचा अहवाल वाचायला शिकवावा. सेंद्रिय कर्ब, सामू, क्षारता हे तीन आकडे वाचता आले तरी बाबांशी बरोबरीनं बोलता येतं.

शिकवून बांधावर पाठवायची कल्पनाही नवी नाही. जागतिक बँकेच्या पाठबळानं आणि डॅनियल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञाच्या आखणीनं ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजना देशात आली आणि ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातही राबली. ग्रामसेवकाच्या डोक्यावरचा इतर कामांचा भार काढून विस्तारासाठी वेगळा माणूस, त्याला ठरावीक अंतरानं प्रशिक्षण, त्या वेळी पिकाला लागणारा नेमका संदेश आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शेतकऱ्याची भेट, असा तिचा सांगाडा होता. योजना पुढे थकली. निधी आटला, संदेश साचेबंद झाले. पण ‘ठरलेल्या दिवशी भेट’ हा तिचा कणा मला आजही कुठल्याही ॲपपेक्षा मोलाचा वाटतो. सरकारी यंत्रणा मागे सरली तशी ती जागा दुकानदारानं घेतली. शेतकरी सल्ला विचारतो तो काउंटरवर. हे ओळखून हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेनं २००३ मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली. तिला सगळे ‘देसी’ म्हणतात. आठवड्यातून एक दिवस, ४८ आठवडे, वर्ग आणि शिवारभेटी. पुढे खत आणि कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठीच शैक्षणिक पात्रता लागू झाली आणि केस पिकलेले दुकानदार वही घेऊन बाकावर बसले. दुकानदारासाठी कायद्यानं ही सोय केली. कंपनीच्या माणसासाठी अशी कुठलीच अट नाही. त्याला काय यावं हे सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर. म्हणून ही घरची शिकवणी महत्त्वाची.

आता मोबाइलच्या पडद्याचा भाग. ॲप का लागतं, याचं प्रामाणिक उत्तर पुस्तिकेनं दिलेलं नाही, ते मी देतो. अर्ध्याहून जास्त ते साहेबांना पोरगा कुठे आहे हे कळण्यासाठी लागतं. भेटीची संख्या, बैठकीचा फोटो, लोकेशनचा ठिपका. पोरंही तयार असतात. एकाच पारावर बसलेले तेच दहाजण, पाठीमागे फ्लेक्स बदललेला आणि टोप्या बदललेल्या, असे फोटो तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर एकाच दिवशी चढतात. प्रत्येक ठिकाणी ती ‘यशस्वी शेतकरी सभा’ असते. असल्या नोंदींचा कुणालाच उपयोग नाही. उपयोग आहे तो चार ओळींच्या नोंदीचा: लागवडीची तारीख, वाण, पाण्याचा स्रोत, मागच्या फवारणीत काय गेलं. एवढं टिपलं असेल तर पंधरा दिवसांनी फोन करताना ‘नाना, तुमचा प्लॉट आता फुलोऱ्यात आला असेल’ असं म्हणता येतं आणि नाना फोन ठेवत नाहीत. पुस्तिकेत नोंदीचा जो नमुना दिला आहे तो चांगला आहे. त्यात रकाने जास्त आहेत, ते पुढच्या वेळी कमी करावेत.

फोटो पाहून रोग ओळखणारी ॲप आता प्रत्येकाच्या हातात आहेत. त्यांचा उपयोग किती आणि धोका किती, हे समजायला मे २०२० आठवावा. टाळेबंदी चालू होती. पुणे, नगर, साताऱ्याच्या टोमॅटो पट्ट्यात फळं विचित्र होऊ लागली: पिवळे, हिरवट, लाल असे डाग, आतून कडक आणि काळपट. कुणीतरी ‘तिरंगा व्हायरस’ असं नाव ठेवलं. व्हॉट्सॲपवर आणि छोट्या पडद्यावर त्याची सांगड थेट कोरोनाशी घातली गेली, आणि टोमॅटो खाल्ला तर माणसाला काही होतं का, असे प्रश्न गिऱ्हाइकं विचारू लागली. शेतकऱ्यांचा रोष बियाणं कंपन्यांवर. फील्डवरच्या पोरांना त्या महिन्यात गावात जाणं नको झालं. नमुने बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेत गेले आणि प्रामुख्यानं काकडीवरच्या मोझॅक विषाणूचं नाव पुढे आलं. हा विषाणू माव्यामार्फत पसरतो, आणि माणसाशी त्याचा काही संबंध नाही. विषाणू एकदा झाडात शिरल्यावर त्याला मारणारं औषध बाजारात नाही. तरीही त्या दिवसांत ‘व्हायरसवर’ म्हणून काय काय बाटल्या खपल्या असतील याची कल्पना करता येते. प्रतिनिधीला तेव्हा तीन वाक्यं बोलता यायला हवी होती: हे काय आहे ते मला अजून माहीत नाही, नमुना केंद्रावर पाठवूया, तोवर यावर काहीही मारू नका. ही तीन वाक्यं फोनमधलं कुठलंही ॲप बोलत नाही. ती या पुस्तिकेच्या चौथ्या भागात आहेत, जवळजवळ याच शब्दांत. प्रस्तावना लिहायला मी होकार दिला तो ते पान वाचून.

लेबल वाचणं हा इतका साधा विषय की तो शिकवायला लाज वाटावी. पण १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नोंदणीचा सगळा अर्थ त्या चिकटवलेल्या कागदावर उतरलेला असतो. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत, आणि फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी. डब्यावरच्या चौकटीतला रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. सोबतच्या घडीपत्रकात मराठीही असतं. ते पत्रक दुकानाच्या दारातच वाऱ्यावर उडतं. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीतल्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा तोंडाला रुमाल, हातात मोजे, वाऱ्याची दिशा, एकात एक मिसळलेली औषधं या सगळ्या गोष्टी महाराष्ट्रानं पेपरात वाचल्या. इथल्या टोमॅटोच्या प्लॉटमध्ये फवारणारा माणूस बहुतेक वेळा मालक नसतो, रोजानं आलेला मजूर असतो. प्रतिनिधी बोलतो मालकाशी. मजुराशी कोण बोलणार? पुस्तिका म्हणते, मालकाच्या भेटीनंतर पाच मिनिटं पंपवाल्याशी. फारच थोड्यांना हे जमेल, पण लिहिलं आहे हे बरं झालं.

काढणीपूर्व कालावधीचा पेच टोमॅटोत जसा कळतो तसा दुसरीकडे क्वचित. माल सुरू झाला की तीन-चार दिवसांआड तोडा. लेबलवर काढणीचं अंतर तोड्यांच्या अंतरापेक्षा जास्त लिहिलेलं असेल, तर ते औषध त्या टप्प्यावर मारताच येत नाही, मग कंपनीची स्कीम कितीही गोड असो. हे गणित पोराला तोंडपाठ पाहिजे. तसंच औषधांच्या गटाचं, म्हणजे कोणता घटक किडीवर कसा काम करतो त्याचं. टुटा ही नागअळी २०१४ च्या सुमारास महाराष्ट्रात आली आणि तेव्हापासून टोमॅटोवाल्याची फवारणी वाढली. दुकानातल्या तीन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत अनेकदा एकाच गटाचा घटक असतो. शेतकरी औषध ‘बदलून’ मारतो, कीड मात्र त्याच औषधाला तिसऱ्यांदा सामोरी जाते आणि सरावते. ‘औषधात दम राहिला नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथून निघते. दुसरी निघते पाण्यातून. विहिरीचं पाणी जड, सामू चढा, आणि औषध टाकीतच निम्मं वाया. खिशात सामूची पट्टी ठेवणारा प्रतिनिधी मला टॅब ठेवणाऱ्यापेक्षा जास्त तंत्रज्ञ वाटतो. पट्टी काही रुपयांची असते.

द्राक्षातला धडा याहून महाग पडला. निर्यातीच्या बागांची नोंदणी, तपासणी आणि मागोवा यासाठी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची ग्रेपनेट व्यवस्था आधीपासून होती. जुन्नरची काळी जंबो द्राक्षं परदेशी जायची ती या चाळणीतून. तरी २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले, क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे. शेतकऱ्यांच्या बोलीत सीसीसी. शेंडा रोखायला, घडनिर्मितीला ते वर्षानुवर्षं वापरलं जात होतं, चोरून नव्हे. इथल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं आणि तिथल्या प्रयोगशाळेनं ते शोधलं. त्यात वापरणारा, विकणारा, सुचवणारा यांपैकी कुणी कायदा मोडला असं म्हणता येत नव्हतं, आणि तरी बुडाला तो बागायतदार. पुढे ते यादीत आलं. विक्रीच्या माणसानं यातून काय घ्यायचं? चालू हंगामाची यादी दर वर्षी नव्यानं वाचायची, आणि माल कुठे जाणार हे विचारल्याशिवाय औषधाचं नाव काढायचं नाही. नारायणगावच्या उपबाजारात जाणाऱ्या क्रेटला आणि रॉटरडॅमला जाणाऱ्या पेटीला नियम वेगळे असतात. एक नियम असता तर बरं झालं असतं, इथे खाणारीही माणसंच आहेत. पण तो वाद या पुस्तिकेच्या कक्षेबाहेरचा.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळं शिकलेला पोरगा विकणार कधी? प्रश्न खरा आहे, आणि तो टाळून लिहिलेलं प्रशिक्षण खोटं ठरतं. या धंद्यात मार्च आणि जून हे दोन महिने भीतीचे. वरून माल दुकानात ‘प्लेस’ होतो. मग त्याचं ‘लिक्विडेशन’ करायची जबाबदारी एफएवर येते, म्हणजे दुकानात साचलेला माल शेतकऱ्याच्या पंपात रिकामा करायचा. टार्गेट पाऊस पडण्याआधी ठरलेलं असतं. पाऊस न पडल्यास कीड येत नाही, टार्गेट मात्र येतं. अशा वेळी ‘या टप्प्यावर हे नको’ म्हणणाऱ्या प्रतिनिधीला कंपनी पाठीशी घालणार आहे का? घालणार नसेल तर चौथा भाग छापू नये, कागद वाचेल. या संस्थेनं विक्रीच्या आकड्याबरोबर ‘पुन्हा भेट’ आणि ‘न विकता दिलेला सल्ला’ यांचीही नोंद मूल्यमापनात धरायचं ठरवलं आहे, असं पुस्तिकेत लिहिलं आहे. ते पाळलं जाईल का हे तिथल्या पोरांनाच विचारावं लागेल, एखाद्या वाईट हंगामानंतर.

पुन्हा भेटीचं महत्त्व नारायणगावला नव्यानं शिकवण्याची गरज नसावी. गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या इथे लागतात आणि लांबलांबच्या गावांचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवतात. फडाचा व्यवस्थापक जे विकतो ते अजून घडलेलंच नसतं. विकतो ती एक तारीख. कलावंत किती, वग कोणता, गाड्या किती, सगळं बोलीवर. आणि त्या रात्री कमी पडलं तर पुढच्या वर्षी ते गाव शेजारच्या राहुटीत दिसतं, कुणी तक्रार नोंदवत बसत नाही. बियाण्याचं असंच असतं. पुडीतलं काय उगवलं ते तीन महिन्यांनी कळतं, आणि तोवर प्रतिनिधीची बदली होऊन तिथे दुसराच आलेला असतो. दर दोन वर्षांनी माणूस बदलण्याची कंपन्यांची सवय माझ्या मते प्रशिक्षणावर झालेला खर्च सगळ्यात जास्त वाया घालवते. दोन हंगामांत कमावलेली ओळख फोनच्या यादीसकट निघून जाते.

फोनच्या यादीवरून आठवलं. शेतकऱ्यांचे नंबर, सातबाऱ्यावरचं क्षेत्र, पीक, उधारीची माहिती हा सगळा मजकूर आता कुणाच्या तरी सर्व्हरवर जातो. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. संमती घेऊनच नंबर टिपावा, ग्रुपमध्ये टाकताना विचारावं, नोकरी सोडताना यादी खिशात घालून पुढच्या कंपनीत नेऊ नये, हे पुस्तिकेत आहे आणि ठळक टाइपात आहे. शेवटचं कुणी पाळत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट मला हवी होती ती सापडली नाही. पुस्तिकेतला शेतकरी सगळीकडे पुरुष आहे. रोपांची निवड, बांधणी, तोडणी, प्रतवारी ही कामं बायका करतात, फुलकिडे आधी त्यांना दिसतात, आणि कांदा बराखीत सडायला लागला की वास आधी त्यांनाच येतो. प्रतिनिधी ‘दादा आहेत का घरात?’ विचारतो आणि ताईंनी ‘नाहीत’ म्हटलं की बाईक वळवतो. तिथल्या तिथे ताईंनाच दोन प्रश्न विचारले तर त्याची नोंद पुरी होईल.

बाजारभावाचं प्रकरण पुस्तिकेत छोटं आहे आणि ते तसंच असावं. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचं २० किलोचं क्रेट नारायणगावात दोन हजारांच्या पुढे गेलं. तेव्हा ज्यांच्याकडे माल होता त्यांना औषधाची किंमत विचारायचीही गरज वाटत नव्हती. थोड्याच आठवड्यांत भाव घसरला आणि तोडणीची मजुरी निघेना. त्या तेजीत ‘अजून एक फवारणी मारा, क्रेट वाढतील’ म्हणून माल खपवणं सोपं होतं. मंदीत त्याच शेतकऱ्याकडे उधारी मागायला जाणं अवघड होतं. प्रतिनिधीनं भावाचं भाकीत कधीही करू नये, एवढा एक नियम पुरे. उधारीवर मात्र स्वतंत्र प्रकरण हवं. ते नाही. दुकानदार आणि शेतकरी यांच्यामधली सगळी बोलणी उधारीच्या वहीभोवती फिरतात, आणि नव्या पोराला ती वही दिसत नाही, म्हणून एखादा शेतकरी चांगलं औषध सोडून दुसरंच का घेतो हे त्याला कळत नाही. तो बिचारा त्या दुकानात अडकलेला असतो.

काही सूचना अगदी इथल्या आहेत आणि त्या बाहेरच्या प्रशिक्षकाला सुचणार नाहीत. त्यांतली एक: उसाच्या कडेच्या वस्तीवर दिवस मावळल्यावर जाऊ नये. धरणांमागून ऊस वाढला, उसात बिबटे स्थिरावले, माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभं राहिलं, आणि शेतकरी रात्रीच्या विजेऐवजी दिवसाची वीज मागू लागले ते याच भीतीनं. संध्याकाळी सातची भेट दाखवली म्हणून शाबासकी देणाऱ्या साहेबांनी हे पान जरूर वाचावं.

आता वर्ग भरवण्याबद्दल. कंपन्यांची प्रशिक्षणं बहुधा पुण्यातल्या हॉटेलात होतात, मे-जूनमध्ये, खरिपाच्या तोंडावर, वातानुकूलित खोलीत. त्या वेळी पोराचं अर्धं लक्ष दुकानातल्या मालावर असतं. त्याऐवजी वर्षाचे तुकडे पाडावेत. द्राक्षाचा वर्ग ऑक्टोबर छाटणीच्या आधी, बागेत. बटाट्याचा सातगाव पठारावर, लावणीच्या तोंडावर. टोमॅटोचा माल चालू असताना, सकाळी तोड्यावर आणि नंतर नारायणगावच्या बाजारात, म्हणजे ज्याला आपण औषध सुचवलं त्याचं क्रेट कोणत्या भावानं गेलं तेही कळेल. कांद्याचा बराखी भरताना एकदा आणि दिवाळीच्या आधी उघडताना एकदा. ॲपचा वर्ग पावसाच्या एखाद्या दिवशी, जेव्हा शेतात पाय ठेवता येत नाही, अर्ध्या दिवसात उरकेल. प्रत्येक वर्गाला एक शेतकरी शिकवायला बोलवावा, मानधन देऊन, आणि त्याला आधीच सांगावं की आमच्या मालाबद्दलही खरं बोला.